ड्रॉप टेस्टमध्ये बोल्ट तुटतो, मॉडेलमध्ये तुटत नाही: तफावत कुठून येते आणि कशी शोधायची

रॉक बोल्ट म्हणजे खाणीतला खडक धरून ठेवायला छिद्रात रेझिनने बसवलेली पोलादी सळई. तिच्यावर वजन सोडून आघात चाचण्या (ड्रॉप टेस्ट) करणाऱ्यांना आणि त्यांची संगणकावर मॉडेलं बांधणाऱ्यांना ही तक्रार चांगलीच ओळखीची असेल. एकाच लॉटमधले बोल्ट, तेच रेझिन, तेच वजन, तीच उंची. मॉडेल सांगतं की बोल्ट २०० मिमी लांबेल आणि वजन थांबेल. प्रत्यक्षात ३० मिमीवरच तडकन तुटतो. कधी याच्या उलट होतं: चाचणीत बोल्ट आरामात टिकतो, पण मॉडेलमध्ये पहिल्याच क्षणी तुटलेला दिसतो. मग कुणीतरी स्ट्रेन रेटचा (पोलाद किती वेगाने ताणलं जातं त्याचा) एखादा गुणांक थोडा सरकवतो, दोन्ही आलेख एकमेकांवर बसतात आणि अहवाल पुढे जातो. पुढच्या वेळी उंची बदलली की तीच तफावत परत समोर.

ही पद्धत मला साफ नामंजूर आहे, कारण त्या आकड्यांवर ठरलेल्या बोल्टांखाली माणसं उभी राहतात. पोलादाच्या गुणधर्मांना हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी चाचणीचा ऊर्जेचा हिशोब जुळवायचा, मग तुटलेला बोल्ट नीट बघायचा, त्यानंतर मॉडेलच्या सेटिंग्ज तपासायच्या. बहुतेक तफावती या तीन पायऱ्यांतच सापडतात.

ऊर्जेचा हिशोब जुळतो का?

२००० किलोचं वजन १.५ मीटरवरून सोडलं, तर आदळताना त्याचा वेग सुमारे ५.४ मीटर प्रति सेकंद असतो आणि ऊर्जा २९.४ किलोज्यूल. अहवालात हाच आकडा लिहिला जातो. पण बोल्ट लांबत असताना वजन आणखी खाली येत असतं, आणि त्या अंतराची ऊर्जाही बोल्टलाच झेलावी लागते. बोल्ट २०० मिमी लांबला तर ही जादा ऊर्जा ३.९ किलोज्यूल होते, म्हणजे १३ टक्के. एकूण ३३.३ किलोज्यूल. २०० मिमीने भागलं की सरासरी बल १६७ किलोन्यूटन निघतं, आणि २० मिमीच्या चांगल्या पोलादी सळईला ते शोभतंही. मॉडेल गुरुत्वाकर्षण धरून चालत असेल तर ते ३३.३ दाखवणार आणि अहवालात २९.४ असणार. इथे मुळात तफावतच नाही, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत. असं कितीदा होतं याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष वेगाची. वजन मार्गदर्शक दांड्यांवरून घसरत येत असेल, तर घर्षणाने वेग कमी होतो. ५.४ ऐवजी ५.२ भरला, तरी ऊर्जा सुमारे ८ टक्क्यांनी घटते. त्यामुळे उंचीवरून वेग काढण्यापेक्षा आघाताच्या अगदी आधीच्या काही मिलिसेकंदांतला वेग हायस्पीड कॅमेऱ्याच्या चित्रणातून मोजावा. प्लेट, बल मोजणारा लोड सेल आणि त्यावरचं आघात झेलणारं कडं मिळून ४० किलो असतील, तर पहिल्या टकरीत आणखी सुमारे २ टक्के ऊर्जा जाते. ही गळती छोटी असली तरी हिशोबात लिहून ठेवावी, म्हणजे उरलेली तफावत किती मोठी आहे ते स्पष्ट दिसतं.

आता चाचणी कुठल्या पद्धतीची आहे ते पाहा. कॅनडात ओटावातल्या कॅनमेट या संशोधन प्रयोगशाळेच्या यंत्रात बोल्ट पोलादी पाईपमध्ये बसवून उभा टांगतात आणि वजन वरून प्लेटवर येऊन आदळतं. ऑस्ट्रेलियात कालगूर्लीच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियन स्कूल ऑफ माइन्सने संवेग हस्तांतराची पद्धत विकसित केली. तिथे बोल्ट, वजन आणि वरची तुळई असं सगळं एकत्र खाली सोडतात. तुळई बफरवर येऊन थांबते, वजन मात्र पुढे जात राहतं आणि बोल्टला ओढतं. दोन्ही पद्धतींना आपापली जागा आहे. पण दुसऱ्या पद्धतीत ऊर्जेचा वाटा बफरही घेतात, म्हणून वजन गुणिले उंची हा आकडा बोल्टच्या खात्यात सरळ टाकता येत नाही. तिथे बोल्टची ऊर्जा काढायची तर वजन आणि तुळई यांच्यातली सापेक्ष हालचाल आणि बोल्टमधलं बल हेच घ्यावं लागतं. एका यंत्रावरचे किलोज्यूल दुसऱ्या यंत्राच्या मॉडेलमध्ये जसेच्या तसे घातले, तर जुळणार नाहीच.

एएसटीएम या मानकसंस्थेच्या डी७४०१ या मानकात खेच चाचणी आणि ड्रॉप चाचणी दोन्ही आहेत. पण मानक पाळलं म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे आपोआप सारखे येतील, असं समजू नये. किलोज्यूलचा आकडा एकट्या बोल्टचा नसतोच. रेझिन, पाईप, प्लेट, वजन आणि वेग हे सगळं त्यात मिसळलेलं असतं.

बलाचा आलेख खरा आहे का?

वरच्या उदाहरणात वजन थांबायला सुमारे ७० मिलिसेकंद लागतात. लोड सेल आणि विस्थापन मोजणारं साधन वेगवेगळ्या यंत्रणांवर नोंदवत असतील आणि बलाची नोंद फक्त २ मिलिसेकंद उशिरा येत असेल, तर सुरुवातीला जवळजवळ ११ मिमीचा घोळ होतो. बल-विस्थापन आलेखाखालचं क्षेत्रफळ त्यामुळे सुमारे १.८ किलोज्यूलने कमी भरतं. ओळखायची खूण अशी: आलेखात आधी विस्थापन सुरू होतं आणि बल मागून उठतं. ताठ प्लेट असलेल्या बोल्टमध्ये असं व्हायला काहीच कारण नाही. दोन्ही नोंदी एकाच ट्रिगरवर आणा. फिल्टर लावायचाच असेल, तर पुढून आणि मागून दोन्हीकडून चालवा, म्हणजे तो स्वतः उशीर घालणार नाही.

सुरुवातीच्या करवती दातांबद्दलही खूप गोंधळ असतो. पोलादाच्या सळईतून ताणलहर सुमारे ५१०० मीटर प्रति सेकंदाने जाते. २ मीटरच्या बोल्टमध्ये तिला जाऊन परत यायला साधारण ०.८ मिलिसेकंद लागतो. ५.४ मीटर प्रति सेकंदाच्या आघाताने पहिल्या लहरीत सुमारे २१५ मेगापास्कल ताण येतो, तो घनता, लहरीचा वेग आणि आघाताचा वेग यांच्या गुणाकारातून. मोकळ्या सळईच्या बोल्टमध्ये दातांमधलं अंतर ०.८ मिलिसेकंदाच्या आसपास असेल, तर त्या खऱ्या लहरी आहेत. अंतर त्याच्याशी न जुळणारं आणि बोल्टची लांबी बदलूनही तेवढंच राहत असेल, तर ती प्लेट आणि लोड सेलची स्वतःची थरथर आहे. बोल्ट न लावता लोड सेलच्या जोडणीवर हातोडी मारून तिची वारंवारता एकदा नोंदवून ठेवा, म्हणजे वादच मिटतो. अशा थरथरीतलं सर्वोच्च टोक बोल्टची ताकद म्हणून अहवालात लिहू नये. क्षेत्रफळावर तिचा फारसा परिणाम होत नाही, पण टोकाचा आकडा ती सहज फुगवते.

पाईप चिरा, बोल्ट बाहेर काढा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं, आणि नेमकी हीच बहुतेक वेळा टाळली जाते. चाचणीनंतर पाईप उभा चिरून आतली सळई बाहेर काढायला वेळ लागतो, हात काळे होतात. पण आलेख जे सांगत नाही ते ही सळई सांगते.

आधी तुटीची जागा बघा. आट्यांमध्ये तुटला, की सळईच्या मध्ये, की सांध्याच्या (पाईप मधोमध कापलेला असतो त्या जागेच्या) तोंडाशी? आट्यांमध्ये तुटला असेल तर हे गणित करा. २० मिमी सळईचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मिमी, पण तिच्यावर कापलेल्या एम२० आट्यांचं प्रभावी क्षेत्रफळ फक्त २४५. समजा पोलादाचं यील्ड (ज्या ताणानंतर ते कायमचं लांबू लागतं तो) ४६० मेगापास्कल आणि अंतिम ताकद ६००. सळई १४४ किलोन्यूटनला यील्ड होणार आणि आटे १४७ ला तुटणार. संथ खेच चाचणीत सळई थोडक्यात आधी यील्ड होते आणि जरा तरी लांबते. आघातात मात्र यील्ड अंतिम ताकदीपेक्षा जास्त प्रमाणात वाढतं. यील्ड १५ टक्के वाढलं आणि अंतिम ताकद ५ टक्के, असं धरा. सळईला आता यील्ड व्हायला १६६ किलोन्यूटन हवेत आणि आटे १५४ लाच हार मानतात. सळई लांबायच्या आधीच आटे जातात आणि ऊर्जा जिरवायचं काम जवळजवळ होतच नाही. संथ चाचणीत धट्टाकट्टा वाटलेला बोल्ट ड्रॉप टेस्टमध्ये ३० मिमीवर तुटतो, त्याचं कारण अनेकदा इतकं साधं असतं. मॉडेलमध्ये आटे काढलेलेच नसतात, सळई टोकापर्यंत एकाच व्यासाची असते, म्हणून तिथे बोल्ट सुखाने लांबतो. यावर उपाय बोल्टमध्येच आहे: आट्यांचा भाग जाड ठेवणे किंवा आटे कापण्याऐवजी रोल करून घेणे. मॉडेलमध्ये आट्यांची लांबी वेगळ्या क्षेत्रफळाने दाखवा.

तूट आट्यांत नसेल, तर व्हर्नियर घ्या आणि दर ५० मिमीवर सळईचा व्यास मोजा. गुळगुळीत २० मिमी सळई १० टक्के लांबली असेल तिथे व्यास साधारण १९.१ मिमी भरतो, ५ टक्के लांबली असेल तिथे १९.५. उंचवट्यांच्या सळईवर व्यास नीट मिळत नाही, तिथे उंचवट्यांमधलं अंतर मोजा. यावरून सळईची किती लांबी खरोखर कामाला आली, हे कळतं. प्लास्टिक लांबी कुठे थांबली, ते डोळ्यांनाही दिसतं: जिथे पोलाद यील्ड झालं तिथली काळसर खपली उडालेली असते, आणि जिथे नाही तिथे ती जशीच्या तशी असते. ही लांबी मॉडेलमधल्या लांबीशी ताडून पाहा. पूर्ण रेझिनमध्ये बसवलेल्या उंचवट्यांच्या सळईत सांध्याच्या दोन्ही बाजूंना थोडीच लांबी काम करते, म्हणून ती काही दहा मिलिमीटरमध्ये तुटू शकते. तीच सळई रेझिनपासून सुटी ठेवली तर तिची दीड मीटरभर लांबी ताणली जाते आणि ती कितीतरी जास्त ऊर्जा जिरवते. नॉर्वेत चार्ली ली यांनी मांडलेल्या डी-बोल्टची कल्पना यावरच उभी आहे: ठराविक अंतरावर पक्के नांगर आणि मधली सळई गुळगुळीत, म्हणजे प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे लांबतो.

रेझिनही बघून घ्या. रेझिन ज्यात भरून येतं त्या काडतुसाचं प्लास्टिक सळईभोवती हातमोज्यासारखं गुंडाळलं गेलंय का? कुठे न मिसळलेलं, चिकट राहिलेलं रेझिन आहे का? तसं असेल तर ती चाचणी बोल्टची न राहता बसवण्याच्या कामाची होते. ती फेकून देऊ नका, खाणीतही असंच घडतं. पण मॉडेल जुळवण्यासाठी ती वापरू नका.

शंकूच्या बोल्टबद्दल (ज्याच्या आतल्या टोकाला शंकू असतो) वेगळं सांगायला हवं. तो मुळात दक्षिण आफ्रिकेत सिमेंट ग्राउटसाठी तयार झाला आणि रेझिनसाठीची सुधारित आवृत्ती नंतर कॅनडात आली. शंकू ग्राउटमधून नांगरत जाईल आणि त्यात ऊर्जा जिरेल, ही त्यामागची कल्पना. ग्राउट जास्त कडक झालं की शंकू जागचा हलत नाही आणि सळईच लांबते. हे दोन वर्तनप्रकार बाहेरून प्लेटच्या हालचालीत सारखेच दिसू शकतात. म्हणून विस्थापन दोन्ही टोकांना मोजावं, प्लेटकडेही आणि शंकूकडेही. दोन्हींतला फरक म्हणजे सळई किती लांबली ते, शंकूकडचा आकडा म्हणजे नांगरणी. एकाच टोकाची नोंद असेल तर मॉडेलमध्ये कोणतं वर्तन घालायचं, याचा अंदाजच बांधावा लागतो.

मॉडेलमध्ये काय बघायचं

सगळ्यात आधी डॅम्पिंग, म्हणजे मॉडेलमधली हालचाल शमवणारा कृत्रिम अवरोध. खडकाचं विश्लेषण करणाऱ्या फ्लॅकसारख्या प्रोग्राममध्ये स्थिर विश्लेषणासाठी ०.८ चं लोकल डॅम्पिंग ठेवलेलं असतं. गतिमान विश्लेषणात ते राहून गेलं तर मॉडेल दिसायला शहाणं आणि आतून पूर्ण चुकीचं होतं. हे डॅम्पिंग वेगाच्या विरुद्ध दिशेने, असंतुलित बलाच्या ०.८ पट ब्रेक लावतं. वजन थांबत असताना बोल्टच्या बलाच्या जोडीला हा अदृश्य ब्रेकही काम करतो, त्यामुळे बोल्टच्या वाट्याला निम्म्याहून थोडीच जास्त ऊर्जा येते. चाचणीत तुटणारा बोल्ट मॉडेलमध्ये टिकला असेल, तर मी सर्वात आधी इथेच बघतो. तपासणी अगदी सोपी आहे: बोल्ट काढून टाका, वजन १.५ मीटर मोकळं पडू द्या आणि वेग वाचा. ५.४ आला तर ठीक. २.४ आला तर ०.८ अजून बसलेलंच आहे. खडकाच्या झोनचं (मॉडेलमधल्या खडकाच्या तुकड्यांचं) डॅम्पिंग बदललं म्हणजे बोल्टच्या स्ट्रक्चरल एलिमेंटचंही (बोल्टच्या तुकड्यांचंही) बदललं, असं गृहीत धरू नका, दोन्ही वेगवेगळे तपासा.

मग ताण-विकृतीचा आलेख (विकृती म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ). प्रयोगशाळेतून येतो तो मूळ क्षेत्रफळावर काढलेला असतो. बहुतेक एक्सप्लिसिट (काळाच्या छोट्या छोट्या पावलांनी गणित करणाऱ्या) प्रोग्रामना खऱ्या क्षेत्रफळावरचा ताण लागतो. १५ टक्के लांबीला ६०० मेगापास्कल असेल, तर प्रोग्रामला ६९० मेगापास्कल आणि ०.१४ विकृती द्यायला हवी. रूपांतर न करता घातलं तर मॉडेलमधली सळई लवकरच एका जागी बारीक होते आणि तुटते. चाचणीत टिकणारा बोल्ट मॉडेलमध्ये तुटण्याचं हे नेहमीचं कारण.

आता स्ट्रेन रेट. वेगाने ताणल्यावर यील्ड किती वाढतं ते सांगणाऱ्या काउपर-सायमंड्सच्या सूत्रात ४०.४ प्रति सेकंद आणि ५ हे दोन आकडे इतके प्रसिद्ध आहेत की पोलाद म्हटलं की तेच घातले जातात. ते मऊ पोलादाचे आहेत. दीड मीटर मोकळ्या लांबीवर ५.४ मीटर प्रति सेकंदाचा आघात म्हणजे सुरुवातीला सुमारे ३.६ प्रति सेकंद. या आकड्यांनी यील्ड ६२ टक्के वाढतं! उच्च ताकदीच्या पोलादासाठी पहिला आकडा ३२०० वापरतात, त्याने वाढ २६ टक्क्यांच्या आसपास येते. शिवाय हे सूत्र सुरुवातीच्या यील्डवर बेतलेलं आहे. विकृती वाढत जाते तसा वेगाचा परिणाम क्षीण होतो, आणि वजनही मंदावत असतं. सगळ्या आलेखाला एकच गुणाकार लावला की बोल्ट कागदावर फार बलवान होतो.

आणि मेश, म्हणजे मॉडेलची एलिमेंटमध्ये केलेली विभागणी. केबल किंवा रॉकबोल्ट एलिमेंटमध्ये तुटण्याची विकृती १५ टक्के ठेवली आणि सगळी हालचाल सांध्यावरच्या एकाच एलिमेंटमध्ये एकवटली, तर ५० मिमीचा एलिमेंट ७.५ मिमीवर तुटतो, २०० मिमीचा ३० मिमीवर. बोल्ट तोच, पोलाद तेच, उत्तर चौपट. म्हणून एलिमेंटची लांबी बोल्टवर व्हर्नियरने मोजलेल्या लांबीला धरून ठरवा. तुटण्याची विकृती त्याच लांबीसाठी जुळवा आणि नंतर मेश बदलू नका. बदलायचीच झाली तर परत जुळवा. सॉलिड एलिमेंट वापरत असाल तर आवरग्लास ऊर्जा (एलिमेंटच्या खोट्या वेड्यावाकड्या हालचालीत जाणारी) अंतर्गत ऊर्जेच्या ५ टक्क्यांच्या आत आहे ना आणि मास स्केलिंगने (गणित लवकर व्हावं म्हणून वस्तुमान वाढवण्याने) बोल्टचं वजन फुगलेलं नाही ना, एवढं एकदा पाहून घ्या.

एकाच बोल्टवर अनेक आघात

बोल्ट पहिल्या आघातात तुटला नाही की त्याच्यावर पुन्हा वजन सोडतात आणि सगळ्या आघातांची बेरीज क्षमता म्हणून सांगतात. ही बेरीज एकाच मोठ्या आघातातल्या क्षमतेइतकी असेलच असं नाही. पहिल्या आघातानंतर सळई कडक झालेली असते, रेझिनचा सांध्याजवळचा भाग भुगा झालेला असतो, प्लेट वाकलेली असते. मॉडेलमध्ये दुसरा आघात नव्या बोल्टवर चालवू नका. पहिल्या रनच्या शेवटच्या अवस्थेतूनच तो पुढे सुरू करा. बेरीज आणि एकाच आघाताचा आकडा एका तक्त्यात शेजारी शेजारी असतील, तर कोणता कोणत्या प्रकारचा ते त्याच ओळीत लिहा.

एवढं करूनही जुळलं नाही तर

मग पोलादाच्या आणि रेझिनच्या आकड्यांना हात लावायला हरकत नाही. माझी अट एकच: आकड्यांचा एकच संच किमान दोन वेगवेगळ्या उंचींना आणि अखंड पाईप तसंच मधोमध कापलेला पाईप, अशा दोन्ही मांडण्यांना जुळला पाहिजे. अखंड पाईपमध्ये आघात प्लेटवरून येतो, त्यामुळे प्लेट, नट आणि आटे तपासले जातात. कापलेल्या पाईपमध्ये आघात सांध्यावर येतो, त्यामुळे सळई आणि रेझिनमधली पकड तपासली जाते. फक्त एका उंचीला आणि एका मांडणीला जुळणारं मॉडेल तिसऱ्या ठिकाणी काय सांगेल, यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मदत मागताना नुसता शेवटचा आलेख पाठवू नका. न गाळलेली बलाची आणि विस्थापनाची नोंद, प्रति सेकंद किती नमुने घेतले ते, आघाताआधीचा मोजलेला वेग, पाईपचा आतला व्यास आणि भिंतीची जाडी, रेझिन किती वेळ सेट होऊ दिलं ते, आणि तुटलेल्या टोकाचा जवळून घेतलेला फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. बहुतेक वेळा उत्तर त्या फोटोतच असतं.